प्लेगात गाव सोडून माळावर राहायला जायचे, त्यानं खरंच जीव वाचायचे का?

तांबडीमाती

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी... आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात वडीलधाऱ्यांना जरा बोलतं केलं की प्लेगाचा विषय निघतोच. 'पलेगात गाव मोकळं केलं', 'पलेगात सगळी शेताकडं होती', 'ते घर पलेगात बसलं ते बसलंच'. साल कुणालाच सांगता येत नाही, गाव सोडल्याचं मात्र सगळे सांगतात.

शाळेत आपण शिकलो तो पुण्याचा प्लेग. रँड, चापेकर, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जून १८९७. मार्क मिळाले, धडा संपला. पण बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले आणि १८९८ उजाडेपर्यंत साथ हुबळी-धारवाडाकडे येऊन पोचली होती. तिथं तर तिनं हाहाकार केला. पुढं कित्येक वर्षं ती जात-येत राहिली. त्याबद्दल आपल्याला पुस्तकात एक ओळ नाही.

प्रश्न इतकाच आहे. तेव्हा पेनिसिलिन नाही, सलाईन नाही, धड रस्ता नाही. अशा वेळी गावापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्याच शेतात खोपटं घालून राहिल्यानं माणूस वाचायचा? की जे वाचले त्यांनीच पुढं गोष्टी सांगितल्या, म्हणून आपल्याला तसं वाटतं? ज्यांच्या घरात काही ऐकलेलं असेल त्यांनी लिहा. जाणकारांनीही लिहा, पण जरा समजेल असं.

कुंदाप्रेमी

पहिला नंबर माझा. आमच्या घरात गणपतीच्या पायाशी उंदीर बसतो म्हणून आई पिंजरासुद्धा लावू देत नाही. हा धागा तिला वाचून दाखवणार आहे.

मिरगाचा_पाऊस

वाचतेय. चांगला विषय.

मलप्रभाकाठ

आमच्याकडचं सांगतो, जसं ऐकलं तसं.

आमच्या पणजीच्या लहानपणातली गोष्ट ही. पहिलं म्हणजे उंदीर पडायचे. माळ्यावरनं, आढ्यावरनं धप्पकन खाली. पडलेला उंदीर दिसला की घरातली बाई चूल विझवायची आणि बोंब मारायची. गावात डांगोरा फिरायचा आणि दोन दिसांत सगळं गाव रिकामं. गुरं, कोंबड्या, पाटा-वरवंटा, देव्हाऱ्यातले टाक, सगळं डोक्यावर घेऊन शेतात. कुडाच्या भिंती, वर गवत, आत भाताच्या पिंजराचं अंथरूण. पणजी म्हणायची, आम्हा पोरांना तर मज्जाच वाटायची, शाळा नाही काय नाही.

पण एक गोष्ट ती दर वेळी सांगायची. तिची एक थोरली चुलती होती. हंगाम संपत आला, गावात महिनाभर कोण मेलं नाही. चुलती म्हणाली, घरात तांदळाची मुडी राहिलीय, जाऊन घेऊन येतो. सासऱ्यानं नको म्हटलं. ती गेली, मुडी घेऊन आली. चौथ्या दिवशी ताप, जांघेत आवळ्याएवढी गाठ, बडबडायला लागली आणि गेली. त्या शेतातल्या खोपटात दुसऱ्या कुणाला काय झालं नाही.

मी लहानपणी विचारायचो, गावात माणूसच नव्हतं तर तिला रोग कुणापासून लागला? पणजी म्हणायची, घरापासून. रिकामं घर माणूस खातं.

भिंगरी

अंगावर काटा आला. पण हे सगळं शेत असलेल्यांचं झालं. ज्यांच्याकडं गुंठाभर जमीन नाही ते कुठं गेले असतील?

डॉ_जंतू

@मलप्रभाकाठ, तुमच्या पणजीनं जे सांगितलं ते ओळखायला विज्ञानाला बरीच वर्षं लागली. रिकामं घर माणूस खातं, यात काहीही अंधश्रद्धा नाही. सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

प्लेगाचा जंतू म्हणजे येर्सिनिया पेस्टिस. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला. जपानचे कितासातो यांनीही त्याच वेळी तिथंच शोधल्याचं जाहीर केलं, त्यावरून पुढं वाद झाले. आखूड, काडीसारखा जंतू. रंग दिला की दोन्ही टोकं गडद दिसतात आणि मधला भाग फिका, बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारखा. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा जंतू माहीत होता. माहीत नव्हतं ते एवढंच की तो माणसापर्यंत येतो कसा. आणि त्या न माहीत असण्यापायी जो छळ झाला तो झाला.

हा मुळात उंदरांचा रोग. उंदरांकडून उंदरांकडे तो पिसवा नेतात. आपल्याकडचा मुख्य गुन्हेगार झेनोप्सिला चिओपिस नावाची उंदरावरची पिसू. तिनं रोगी उंदराचं रक्त प्यालं की जंतू तिच्या पोटात वाढतात आणि जठराच्या तोंडाशी चिकट गोळा होऊन वाट बंद करतात. मग पिसू कितीही रक्त ओढो, आत जात नाही. उपाशी पिसू पिसाळल्यासारखी चावत सुटते आणि दर चाव्याला ओढलेलं रक्त जंतूंसकट परत जखमेत ओकते. बॅकट आणि मार्टिन या दोघांनी हे १९१४ साली दाखवलं.

आता घरात काय होतं बघा. काळा घरउंदीर राहतो कुठं? कौलाखाली, माळ्यावर, कणगीमागं. म्हणजे आपल्या डोक्यावर. तो मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरा उंदीर शोधतात. तेही मेले की उरतो माणूस. म्हणून आधी उंदीर पडायचे आणि काही दिवसांनी माणसं. पायाला चावली तर जांघेत गाठ, हाताला चावली तर काखेत. चावल्यापासून साधारण दोन ते सहा दिवसांत ताप. उपचार नसेल तर गाठीच्या प्लेगात शंभरात तीस ते साठ माणसं दगावतात. तोच जंतू फुप्फुसात उतरला तर उपचाराविना जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि तो मग खोकल्यातून माणसाकडून माणसाला थेट लागतो. आपल्याकडच्या जुन्या साथी मुख्यतः गाठीच्या होत्या. म्हणूनच खोपटातल्या बाकीच्यांना काही झालं नाही.

चुलती गेली ती ओस घरात. उंदीर मेलेले, माणसं गेलेली, पिसवा मात्र जमिनीच्या भेगांत, पोत्यांत जिवंत. थंड-दमट हवेत त्या बरेच दिवस तग धरतात. त्या उपाशी घरात जो पहिला पाय पडेल त्यावर सगळ्या तुटून पडणार.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, वाचायचे. गाव सोडणं हा त्या काळचा सगळ्यांत चांगला उपाय होता. आणि @तांबडीमाती, पेनिसिलिन असतं तरी फरक पडला नसता, या जंतूवर ते चालत नाही.

कुंदाप्रेमी

ओकणारी पिसू. जेवता जेवता वाचलं. धन्यवाद डॉक्टरसाहेब.

खडेबाजारकर

डॉक्टर, उत्तम लिहिलंत. 'छळ झाला तो झाला' म्हणून सोडू नका, तिथंच खरी गोम आहे.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. त्याच्या जोरावर घरझडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, रेल्वे स्टेशनवर उतारूंची तपासणी. मुंबईत तर राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवायचे. फिनेल, कार्बोलिक, चुन्याची निवळी यांचे पाट वाहिले. सगळी समजूत अशी की रोग घाणीत आहे, हवेत आहे, कपड्यात आहे. गंमत म्हणजे घर असं धुऊन काढलं की आतले उंदीर पळून शेजारच्या घरात जायचे, पिसवांसकट. साथ पुढं सरकायला सरकारनंच मदत केली म्हणा.

आणि ज्यानं खरं सांगितलं त्याचं कुणी ऐकलं नाही. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर, १८९८ साली कराचीत. एका बरणीत आजारी उंदीर पिसवांसकट ठेवला, शेजारी जाळीपलीकडं निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श नाही, तरी दुसरा मेला. सरकारच्या प्लेग कमिशननं ते धुडकावून लावलं. १९०५ नंतर नव्या कमिशननं मुंबईत तेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. प्लेगाच्या घरात गिनीपिग सोडले ते मेले, पिसू उडी मारून पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. तेव्हा कुठं साहेबाचं समाधान झालं.

आता आपल्या गावाचं. त्याच कमिशननं १९०८ च्या सुमारास बेळगावात उंदीर आणि पिसवांची निरीक्षणं केली होती. आपल्या बाजारपेठेतले उंदीर जागतिक कीर्तीचे आहेत, हे किती बेळगावकरांना माहीत आहे?

रिकामटेकडा

बाजारपेठेतले उंदीर अजूनही आहेत. फक्त आता त्यांच्यावर कुणी निबंध लिहीत नाही.

मलप्रभाकाठ

@डॉ_जंतू खूप आभार साहेब. आज आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'मग पणजी काय खोटं बोलायलती काय?'

भिंगरी

सगळे 'पूर्वजांचं शहाणपण' म्हणून टाळ्या वाजवायलेत, म्हणून जरा पाणी ओतते.

एक. पळताना माणसं पोती, वाकळा, घोंगडी घेऊन पळत. त्यात पिसवा नसतील कशावरून? आख्ख्या इलाख्यात प्लेग पसरला तो धान्य-कापसाच्या व्यापारानं आणि पळणाऱ्या माणसांच्या सामानानं. मुंबईत तो सुरू झाला तोच मांडवीच्या धान्याच्या वखारींजवळ. तेव्हा शेतात गेलं ते ठीक, पण पाहुण्याकडं दुसऱ्या गावाला गेलं की त्या गावाचं वाटोळं.

दोन. माझा वरचा प्रश्न तसाच आहे. शहरातला हमाल, झाडूवाला, दुसऱ्याच्या वखारीत राखण करणारा कुठं जाणार? मेलेले उंदीर गोळा कोण करायचं? मढी कोण उचलायचं? ती कामं ज्यांच्या वाट्याला जन्मानं आली होती त्यांना गाव मोकळं करायची मुभा नव्हती. त्यांच्या घरातल्या आठवणी आपल्यापेक्षा वेगळ्या असणार आणि त्या या धाग्यावर कुणी लिहिलेल्या नाहीत.

तीन. सगळे पळाले असंही नाही. सावित्रीबाई पुण्याजवळ मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. रोगी पोराला पाठीवर घेऊन आल्या आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या. प्लेग म्हटल्यावर मला आधी त्या आठवतात, रँड नंतर.

तांबडीमाती

@भिंगरी ताई, मुद्दा दोन बरोबर आहे. आमच्या गावातही 'सगळं गाव शेतात होतं' असं सांगताना 'सगळं' म्हणजे कोण, हे कुणी विचारलेलं नाही.

मुद्दा एकवर मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्या खेड्यांत लोक स्वतःच्या शिवारातच राहिले, गावाची वेस ओलांडली नाही. पळून जाणं आणि हलून राहणं यात फरक करायला हवा.

भिंगरी

फरक आहे. पण तो ज्याच्याकडं शिवार आहे त्यालाच करता येतो, परत तिथंच येतोय आपण.

शहापूरची_सून

माझं सासर शहापूर. आजचं पोरगं शहापूर-बेळगाव एकच समजतं, पण तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडं. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. आमच्याकडं गल्लीला गल्ली चिकटलेली, हातमाग, सुताचे गठ्ठे, सराफी. मी नेहमी विचार करते की एका बाजूला एक हुकूम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, अशा वेळी उंदरांनी काय केलं असेल!

आणि एक सांगते. मी लहानपणापासून ऐकलंय की टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत प्लेगाची लस बनायची. खरं काय?

रिकामटेकडा

उंदरांनी समिती नेमली असणार. अहवाल अजून यायचाय.

संपादक

विनोद ठीक आहे. धाग्यात सीमाप्रश्न घुसला तर धागा वाचनमात्र करण्यात येईल. मागच्या कुंद्याच्या धाग्याचं काय झालं ते आठवावं.

खडेबाजारकर

@शहापूरची_सून अक्का, नाही. व्हॅक्सिन डेपो देवीच्या लशीसाठी. प्लेगाची लस मुंबईत, हाफकिन यांनी बनवली. वाल्देमार हाफकिन, मूळचे ओडेसाचे ज्यू. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम करून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

हुबळीत १८९८ साली ही लस हजारोंनी टोचली गेली. लशीचा ताप कडक यायचा, हात सुजायचा, त्यामुळं अफवा तर विचारू नका. त्यात १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वातानं मेले. खापर हाफकिनवर फुटलं, नोकरीतून बाजूला काढलं. चूक गावात बाटली उघडतानाची होती हे सिद्ध व्हायला काही वर्षं गेली.

मिरगाचा_पाऊस

कोविडमध्ये आमच्या गल्लीत 'लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो' असं सांगणारे एक काका होते. काका ठणठणीत आहेत, नंतर गुपचूप बूस्टरही घेऊन आले.

रिकामटेकडा

अवांतर, पण राहवत नाही. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी. आपण त्या अधिवेशनाची काँग्रेस विहीर, वीरसौध हे स्मारक वगैरे दाखवतो. त्यांनी प्लेगाच्या रोग्यांची स्वतः शुश्रूषा केली होती हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९०४, जोहान्सबर्ग. सोन्याच्या खाणीतले तेवीस हिंदी मजूर फुप्फुसाच्या प्लेगानं आजारी पडले. गांधीजी आणि सोबत्यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून तिथं इस्पितळ केलं. जवळजवळ सगळे दगावले, सेवेला आलेली नर्सही गेली.

आणि टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगानंच गेला. 'केसरी'तल्या प्लेगाच्या अग्रलेखांवर सगळे बोलतात, यावर कुणी बोलत नाही.

केमिस्ट_काका

उशिरा आलो. दुकान बंद करून वाचतोय.

आमच्या पिढीचा प्लेग म्हणजे १९९४. ऑगस्टात बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचे रोगी सापडले, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. सुरतेतून लाखो लोक रेल्वे भरून पळाले. बाहेरच्या देशांनी आपली विमानं बंद केली. बेळगाव सुरतेपासून कुठल्या कुठं, पण आमच्या दुकानात टेट्रासायक्लीनच्या कॅप्सुला एका दिवसात संपल्या. ज्याला खोकला नाही, ताप नाही, असा माणूस येऊन 'घरात पाच माणसं आहेत, पाच पाकिटं द्या' म्हणायचा. मोठ्या व्यापाऱ्यांचे नोकर तर यादी घेऊन यायचे. नाकाला रुमाल बांधून लोक कुंदा घ्यायला रांगेत उभे होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मरण पावले ते देशभरात पन्नासच्या आसपास. रोग खरा, पण भीती त्याच्या शंभरपट. त्याच्या आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. बीडकडं तेव्हा लोक म्हणत, पडक्या घरांत धान्य राहिलं, उंदीर माजले. तेवढ्यावरनं सगळं झालं असं मी म्हणणार नाही, पण लोक असं म्हणत हे खरं.

आणि एक बघा. १८९८ ला पळून जाणारा शेतात गेला, १९९४ ला पळणारा एक्स्प्रेसमध्ये बसला. फुप्फुसाच्या प्लेगात रेल्वेच्या डब्यात गर्दी करण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही.

भिंगरी

@केमिस्ट_काका तेच तर मी वर म्हणाले! हलून राहणं वेगळं, गर्दी करून पळणं वेगळं.

तांबडीमाती

ताई, ते मी म्हणालो होतो.

भिंगरी

बरं बरं.

मिरगाचा_पाऊस

डॉक्टर, मग तो गेला कसा? टेट्रासायक्लीन यायच्या आधीच आपल्याकडं प्लेग ओसरला होता ना?

डॉ_जंतू

चांगला प्रश्न, आणि याचं एका वाक्यात उत्तर नाही.

१८९६ पासून पुढच्या पन्नासेक वर्षांत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसं प्लेगानं गेली. पण आकडा सारखा चढता नव्हता. १९०४ ते १९०७ ही वर्षं सगळ्यांत वाईट, १९२० नंतर उतार स्पष्ट दिसतो. तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलं. मग उतार कशानं?

एक मोठं कारण उंदीरच. ज्या शहरांत प्लेग वर्षानुवर्षं राहिला तिथले कमकुवत उंदीर मरून गेले आणि टिकले ते मरणाला न जुमानणारे. कमिशननं हे तपासलं होतं. मुंबईच्या उंदरांना जंतू टोचला तर बरेच जगायचे, जिथं प्लेग फिरकलाच नव्हता त्या मद्रासचे पटापट मरायचे. उंदीर मरेना की पिसू माणसाकडं येईना. शिवाय हवामान. तापमान तिशीच्या वर गेलं की पिसवेच्या पोटातला तो गोळा टिकत नाही, म्हणून कडक उन्हाळ्यात साथ थांबायची आणि पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत परत जोर धरायची. घरं बदलली, धान्य साठवायची पद्धत बदलली. १९५० नंतर मलेरियासाठी घरोघर डीडीटी मारलं गेलं. मारायचे होते डास, मेल्या पिसवाही.

पण 'गेला' म्हणू नका. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यातल्या मुळबागल भागात १९६६ पर्यंत रोगी सापडले. तिथल्या रानातल्या जर्बिल जातीच्या उंदरांत जंतू टिकून होता. बेंगळुरूला उंदरांचं रक्त तपासत राहणारं केंद्रीय पथक आहे, ते उगाच नाही. २००२ मध्ये हिमाचलात रोहरूजवळ एका शिकाऱ्यानं रानमांजराचं कातडं सोललं आणि साथ सुरू झाली, सोळा रोगी, चार मृत्यू. मादागास्करमध्ये तर २०१७ साली मोठी साथ आली. फरक असा की आज जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी साधी, स्वस्त औषधं त्यावर चालतात. वेळेत सुरू केली तर रोगी बरा होतो. वेळेत म्हणजे फुप्फुसाचा असेल तर पहिल्या दिवसातच.

जांबोटीवाला

आमच्याकडं माकडं मेली की पंचायत दवंडी देते. तो पण प्लेगच काय?

डॉ_जंतू

नाही, तो माकडताप. क्यासनूर जंगलातला, शिमोगा जिल्हा, १९५७. तो विषाणू, गोचिडीतून येतो. दोडामार्ग, सत्तरीकडं आलाय तो तोच. त्यावर प्लेगाची औषधं चालत नाहीत. आणि पावसाळ्यात चिखलातून होतो तो उंदीरताप, लेप्टो, तिसराच. तो उंदराच्या मुतातून पसरतो. तिन्हींत मेलेलं किंवा आजारी जनावर असतं म्हणून लोक एकाच पिशवीत घालतात.

जांबोटीवाला

बरं झालं विचारलं. आमच्याकडं तिन्हीला एकच अंगारा लावतात.

शहापूरची_सून

अंगाऱ्यावरून आठवलं. बेंगळुरूला प्लेग मारिअम्माचं देऊळ आहे, नवस फेडायला अजून लोक जातात. जाऊबाई तिकडं असतात, त्यांनी नेलं होतं. आणि मल्लेश्वरम्, बसवनगुडी या आज कोट्यवधीच्या वस्त्या १८९८ च्या प्लेगानंतर दाट पेठांतून माणसं बाहेर काढायला वसवल्या. म्हणजे तिथंही माळावरच गेले की सगळे, फक्त परत आले नाहीत.

रिकामटेकडा

माळावर गेलेल्यांचा आज एकेक प्लॉट पाच कोटींचा. आमच्या पणजोबांनी परत गावात यायची घाई केली.

खडेबाजारकर

@मिरगाचा_पाऊस तेव्हा एक उपाय असाही निघाला होता: मांजरं पाळा. ब्यूकॅनन नावाच्या विदर्भातल्या गोऱ्या डॉक्टरनं हिरिरीनं मांडलं होतं की ज्या घरात मांजर तिथं प्लेग कमी.

डॉ_जंतू

अर्धं खरं. मांजर उंदीर मारतं, पण मांजरालाही प्लेग होतो आणि त्यापासून माणसालाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात आजही असे रोगी सापडतात.

कुंदाप्रेमी

म्हणजे उंदीर नको, मांजरही नको. आमच्या आईनं काय करायचं ते नीट सांगा. घरामागं परवापासून दोन उंदीर मेलेत, धागा वाचल्यापासून मी झोपलो नाही.

केमिस्ट_काका

आधी हे सांग, विषाची गोळी टाकली होतीस काय?

कुंदाप्रेमी

आईनं नाही, शेजारच्यांनी टाकलीय म्हणे.

डॉ_जंतू

मग झोपा. औषधानं मेलेत.

पण विचारलंतच तर सांगतो, कारण यात सगळे क्रम चुकवतात. कारण नसताना एकाच वेळी बरेच उंदीर मरून पडू लागले तर हात लावायचा नाही, झाडूनं ढकलायचे नाहीत, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं. उचलायचेच झाले तर हातमोजे घालून, आधी कीटकनाशक पावडर टाकून. आणि अशा ठिकाणी आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. आधी उंदीर मारले तर पिसवा बेघर होतात आणि तुमच्याकडं येतात. त्या भागातून आल्यावर ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर घरी काढा पीत बसू नये.

मलप्रभाकाठ

आधी पिसवा, मग उंदीर. पणजीकडं खोपट सोडून घरात परत यायच्या आधी एक रीत होती. दारं-खिडक्या उघड्या टाकून कौलं काढायची, आठ-पंधरा दिवस घरात ऊन खेळू द्यायचं, जमीन उकरून नवी माती घालून सारवायची, मगच देव आत घ्यायचे. आम्ही समजायचो सोवळं-ओवळं असेल.

डॉ_जंतू

ऊन आणि कोरडेपणा पिसवांना सोसत नाही. कौलं काढून घर तापवणं हा उपाय तर सरकारी अधिकाऱ्यांनीही वापरला. तुमच्या गावानं सरकारकडून घेतला की आधीपासून करत होतं, हे मात्र मला सांगता येणार नाही.

तांबडीमाती

हे मला नवीन. आमच्या घराची कौलं एकदा सगळी उतरवली होती, असं आबा सांगायचे. मी समजत होतो वादळात उडाली असतील. पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे, वरच्या आळीत एक नव्वदीच्या आज्जी आहेत, त्यांना विचारतो. @भिंगरी ताई, खालच्या आळीतही जातो, तिथल्या लोकांना कुणी विचारलेलंच नाही.

भिंगरी

जाच. आणि लिहा इथं, नवीन धागा नको, याच्यातच.

कुंदाप्रेमी

तिसरा उंदीर सापडला. शेजारच्यांना विचारून आलो, गोळ्याच आहेत. आई म्हणते गणपतीची माफी माग.